रानकेन्याचा रंग

वैजयंतीला फक्त एका फुलाचा रंग हवा होता. लंडनच्या वनस्पतिसंग्रहात नामिब वाळवंटातल्या रानकेन्याचे जुने नमुने होते, पण फुलं वाळून पार मातकट झालेली. रंग कुणा मेल्याने लिहून ठेवला नव्हता! फूल पिवळं निघालं तर जात वेगळी. नाहीतर तिची सगळी पीएच.डी. पाण्यात. म्हणून १९९३ साली ती वाळवंटात उतरली. सोबत मिल्टन कीन्सला राहणारा भाऊ उदय आणि वॉटफर्डच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेले डॉक्टर शशिधरकाका.

ऐन वाळवंटात जीपचा रेडिएटर उकळून कोरडा पडला. काकांनी पाण्याचा मोठा कॅन हुंगला.

"उदय, याला पेट्रोलचा वास मारतोय, पिऊ नका. पाणी टाक आणि निघू या."

उदयने टाकलं. वाळूत!

"अरे गाढवा, रेडिएटरमध्ये!"

"काका, आई 'पाणी टाक' म्हणते तेव्हा मी सिंकमध्येच ओततो! हाऊ वॉज आय सपोज्ड टु नो?"

हसावं की रडावं, वैजयंतीला कळेना. जीप जागची हलेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिण्याच्या बाटल्याही संपल्या. काका असंबद्ध बडबडू लागले.

भावंडं फावडं घेऊन कोरड्या नदीपात्रात उतरली. दगडाआड हिरवं काहीतरी दिसलं. केना! एकच रोप, त्यावर एकच कळी, कोवळी, पांढुरकी. रंग भरून उमलायला उद्याची सकाळ उजाडणार होती.

उदयने ओल चाचपली. "वैजू, खाली पाणी आहे. पण रूट्स जातील. वन नाइट थांबायचं?"

तिला थांबायचं होतं. अगदी मनापासून थांबायचं होतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

"काका रात्र काढणार नाहीत. खण!"

फावडं बसलं. मुळं तुटली, कळी चिखलात गेली. हातभर खाली पाणी झिरपू लागलं! ओढणीतून गाळून आधी काकांना पाजलं, मग रेडिएटर भरला. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं... आणि सुरू झालं!

गाडीत काकांनी डोळे उघडले. "वैजू, सापडला का गं तुझा केना?"

उदयने मान खाली घातली. वैजयंतीने काकांची शाल नीट केली.

"नाही, काका. तुम्ही झोपा."