डाव्या हाताचं सूत

पलूस सोडून मेंढरांचा कळप कडेगावच्या वाटेला लागला होता. वैशाखातली दुपार. चालता चालता सूत कातणाऱ्या पोरीची, अर्जुनाची, टकळी हातातून निसटली, उतारावरून घरंगळली आणि बाभळीखाली बसलेल्या एका तरुणाच्या बुटाला जाऊन अडली.

त्यानं ती डाव्या हातानं उचलली. अंगात विटकी खाकी. उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट... बाकीची बोटं नव्हती. साल पंचेचाळीस, लढाईवरून अशी माणसं परतत होती.

"सूत तुटलं," तो म्हणाला.

"तुटू द्या. सकाळपास्नं चौथ्यांदा तुटतंय." अर्जुना तिथंच मटकन बसली. आई गेल्यापासून तीन वर्षं भाकरी, पाणी, कोकरं, सूत, सारं तिच्याच अंगावर होतं.

त्याचं नाव धुळा. तोही धनगरच, दहिवडीकडचा. इटलीत जखमी झाला, सात महिने इस्पितळात पडून राहिला. आता घराची वाट होती, पण पाय उचलत नव्हते.

"घरी आई हाय, मेंढरं हायती. कात्री धरायला हात न्हाई. काय तोंड दावू?"

मागून अर्जुनाचा बाप आला, बिराप्पा. "आमीबी माणदेशातच निघालोय. चल बरुबर," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धुळानं टकळी मागितली. "शिकीवशील?"

"धनगराला सूत शिकवायचं?"

"ते उजव्याला येत हुतं. डावा अडाणी हाय."

तिनं लोकरीचा पेळू त्याच्या उरलेल्या दोन बोटांत दिला. डाव्या हातानं टकळीला गिरकी द्यायची, ती खाली लोंबू द्यायची, वरून लोकर हळूहळू सोडत राहायची. पहिल्या दिवशी नुसत्या गाठी. तिसऱ्या दिवशी सूत एकसारखं आलं, पण अर्जुनानं ते आपल्या सुताशेजारी धरलं आणि हसतच सुटली.

"पीळ उलटा बसलाय! सनगर घोंगडी कशी इणंल ह्याची?"

"मग?"

"गिरकी अशी द्यायची... अशी." तिनं त्याची बोटं धरून उलटी फिरवली. टकळी गरगरली, थांबली. बोटं मात्र सुटली नाहीत... दोघांच्याही उशिरा ध्यानात आलं.

"आता तू नीज घटकाभर," तो खाली बघत म्हणाला. "तुझ्या वाटचं सूत मी काढतो."

तीन वर्षांत तिला कुणी नीज म्हटलं नव्हतं. ती लवंडली ती उन्हं कलल्यावरच जागी झाली. तोंडावर ऊन नव्हतं. धुळा सूत कातत बसला होता आणि आपली सावली तिच्यावर पडावी म्हणून उन्हाबरोबर सरकत सरकत पार पलीकडं आला होता.

 

विट्याच्या पुढं वाट फुटली. धुळाची दहिवडीकडं, त्यांची म्हसवडकडं. बिराप्पा थांबला. त्याला सगळं दिसत होतं.

"पोरा, तू गुणाचा हायेस. पर दोनशे मेंढरं हायती, आन् मी थकलो. ती कातरायची कुणी?"

"खरं हाय, मामा." धुळानं मान खाली घातली आणि चालू लागला.

अर्जुना बघत राहिली. दहा पावलं... वीस...

"आवं, थांबा!"

मग ती बापाकडं वळली. "आबा, कातरायचं मी शिकीन."

"बाईमाणूस कवा मेंढरू कातरतं व्हय?"

"बाईमाणूस बाकी समदं करतंय की! दमले मी, आबा. लय दमले. माझं दमणं कळणारा ह्यो पयला माणूस भेटलाय... त्याला माघारी घालवू नगा."

बिराप्पानं पटका काढला, घाम पुसला, पुन्हा बांधला. लेकीकडं बघायचं त्यानं टाळलं.

"त्याच्या आईला इचारायला पायजे आधी," शेवटी तो म्हणाला आणि काठीनं पुढची मेंढरं दहिवडीच्या वाटेला वळवली.

धूळ उडाली. त्या धुळीत ती दोघं मागं राहिली.

"किती लांब हाय तुमचं गाव?" तिनं विचारलं.

"दीड दिस."

"मग... जरा हळू चाला."