दुसरी टिकटिक

दार नीट लोटून घ्या, आणि ते फोन पालथे ठेवा. हे आमच्या ओळखीच्या वेल्डरच्या घरात घडलं, गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी रात्री. त्याच्या बायकोनेच मला सांगितलं, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

संध्याकाळी ती औषधाच्या दुकानात सुया आणायला गेली होती. वेल्डरच्या हृदयात धातूची झडप. रात्री सामसूम झाली की घड्याळासारखी वाजायची. चार दिवसांनी हृदयाचं दुसरं ऑपरेशन होतं. म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी थांबवली होती आणि तिच्याऐवजी सकाळ-संध्याकाळ पोटावर सुई द्यायला सांगितलं होतं.

दुकानदार म्हणाला, "वहिनी, खाडा करू नका हं. झडपेवर गुठळी धरली तर थेट मेंदूत जाते."

घरी वेल्डर पोट धरून बसलेला. "रक्त पातळ करायचं बंद सांगितलंय ना? मग ही सुई कशाला? पोटाची चाळण केलीस माझ्या!"

"अहो, गोळी बंद, सुई नाही. मास्तरांनी असंच केलं..."

मास्तर म्हणजे मागच्या ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या खाटेवर होते ते. तशीच झडप. सुया चुकवल्या, अर्धं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं होऊन लाळ गळायची, आठवड्यात गेले.

"झोपताना मेलेल्यांचं नाव काढू नकोस. सकाळी दे."

ती दमली होती. बरं म्हणाली. दिवा मालवला.

दोनच्या सुमारास तिला जाग आली. टिक... टिक... नवऱ्याची झडप. सवयीची.

पण मध्येच आणखी एक टिक.

खिडकीजवळच्या खुर्चीतून.

तिने श्वास रोखला. खुर्ची करकरली. एक पाऊल पडलं... दुसरं फरफटलं. टिकटिक पलंगापाशी आली. नवऱ्याच्या उशाशी थांबली.

मग दोन्ही आवाज... एकाच ठेक्यात.

"अहो!"

तिने त्याला हलवलं, तो जागा होईना.

दिव्याचं बटण त्याच्या उशाशी. तिकडे हात जाईना. जाईल का तुमचा?

अंधारात चाचपडून तिने पाकिटातली सुई काढली. पोट चिमटीत धरलं. वाकली. टोचली. अगदी कानाशी टिक... टिक...

हळूहळू एकच उरली.

"मेलो गं! सांगून तरी टोचत जा!" वेल्डर ओरडला. शब्द न् शब्द स्पष्ट.

रडत रडत तिने दिवा लावला. त्याचं तोंड न्याहाळलं. सरळ होतं. ओठ कोरडे.

तिचा डावा खांदा मात्र गार लागत होता. तिने हात लावला...

लाळेने भिजला होता.