नव्वद अंशांवर

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा झिंक ऑक्साइडच्या स्फटिककाड्या उगवत होते... केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक. त्यांना भट्टी लागत नसे. काचेची पट्टी द्रावणात उलटी टांगायची आणि बाटली सहा तास ओव्हनमध्ये, नव्वद अंशांवर. पण मेला ओव्हन नव्वदवर टिकेल तर ना! तिसऱ्यांदा काच कोरी निघाली, तेव्हा मी त्याला सणसणीत लाथ घातली.

“तिथे नाही,” मागून आवाज आला. “थर्मोस्टॅट मागच्या बाजूला असतो.”

वर्कशॉपमधला मेकॅनिक होता. कानामागे पेन्सिल, डोळ्यांत हसू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं ओव्हन दुरुस्त केला, आणि तो टिकतोय का ते बघत सहा तास बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

“आता काय बिघडलंय?”

“काहीच नाही, मॅडम. तेच बघायला आलो.”

काड्या उगवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली गवतासारख्या दाट, ताठ उभ्या. पण खरी परीक्षा पुढेच होती. दाबल्यावर त्यांतून वीज निघायला हवी होती, नाहीतर माझी चार वर्षं पाण्यात. वीज मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर मात्र नुसता गोंधळ. खोलीतल्या दिव्यापंख्यांची वीजच त्यात मिसळत होती.

त्यानं कुठूनसा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, त्याला भोक पाडलं, काच आत बसवली, तारा जोडल्या.

“आता बाहेरचं काही आत शिरणार नाही. दाबा.”

डब्याच्या भोकातून मी पेन्सिलीनं हलकेच दाबलं. पडद्यावर एक लाट उठली!

“ही... दुसरीच कसली तरी असेल,” मी घाबरत म्हणाले. “तारा उलट्या जोडून बघू. काड्यांची असेल तर लाटही उलटेल.”

जोडल्या. पुन्हा दाबलं. तीच लाट, पण आता खाली गेलेली. म्हणजे वीज काड्यांचीच! आनंदाच्या भरात मी त्याचा हात धरला—

“मॅडम... हात.”

“असू दे.”

पुढे मला समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेतून पत्र आलं. तीन वर्षांचं काम. चार दिवस मी ते लपवलं आणि पाचव्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन सांगून टाकलं.

“जायचंय तुला?” पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला तो.

“हो. पण तुला सोडून... नाही.”

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. “थांब असं मी म्हणणार नाही. पण तिकडे यंत्रं बिघडतात का गं?”

मी रडता रडता हसले.

तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या साहेबांना विचारलं, मेकॅनिक हवाय का. त्यांनी नोकरीचा अर्ज दिला, मी तो त्याला धाडला. मग एका दुपारी त्याचा फोन.

“तुझं नाव ओळखीसाठी दिलंय. पुढे नातं विचारलंय. काय लिहू?”

“होणारा नवरा.”

पलीकडे पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग इतक्या हळू, की मी श्वास रोखून ऐकलं—

“शाईनंच लिहितो.”