कायम की बदली?

परळच्या इस्पितळासमोर, गेटच्या उजव्या हाताला, पिंपळाखाली एक लाकडी बाक आहे. त्याची एका बाजूची फळी निघालेली आहे, म्हणून बसणारा नेहमी दुसऱ्या कडेला बसतो. अठ्ठावन्न साली दर बुधवारी मी तिथे बसत असे. आत जायची वेळ दहाची होती. मी दहाला बरोबर गेटपर्यंत पोचायची आणि बाकावर बसायची.

मी बकुळा. डिलाईल रोडला बिऱ्हाड, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात चौदा वर्षं कायम. डावी छाती काढून दीड महिना झाला होता. डॉक्टर म्हणाले, रोग परत यायला नको म्हणून सहा इंजेक्शनं घ्यायची. नवं औषध आहे, शिरेतून देतात. पहिलं मी घेतलं, इस्पितळाच्या कार्डावर एक शिक्का पडला. मनगटापासून खांद्यापर्यंत आग चढत गेली, आणि तीन दिवस पाण्याचा घोट पोटात ठरला नाही. ऑपरेशनला मी भ्यायले नव्हते. या सुईला भ्यायले.

आमच्या ह्यांनी, दत्तारामांनी, फ्लोरा फाउंटनला डोक्यावर लाठी खाल्ली होती. डोक्याला टाके पडले तरी चौथ्या दिवशी पुन्हा मोर्चात. आणि त्यांची बायको सुईला घाबरून झाडाखाली बसलेली. हे कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?

दुसऱ्या बुधवारी एक बाई आली. विटकं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, माझ्याच वयाची. ती मोडक्या बाजूला बसली आणि म्हणाली, "कायम की बदली?"

हा प्रश्न गिरणीच्या गेटवरचा. आमच्यापैकी कुणी खाडा केला की बाहेर ताटकळणाऱ्या बदली बायकांतली एक तिच्या जागी आत जाते. कायमवाली फार दिवस फिरकलीच नाही तर जागा बदलीची होते. त्यात कुणी कुणाला बोल लावत नाही.

"कायम," मी सवयीने म्हणाले.

"मी बदली. आज खाडा ना तुझा? कार्ड दे."

मला हसू आलं. "ही काय गिरणी आहे? आत टाके बघतात."

"बघू देत."

वेडी असेल, गेटवरूनच हाकलतील, असं मला वाटलं. नाही, हे खोटं आहे. हे कारण मला नंतर सुचलं. ते कार्ड माझ्या हातातून जायला हवं होतं, एवढंच.

तासाभराने ती भिंतीला धरत धरत बाहेर आली. गटारापाशी बसून ओकली. मग पदराने तोंड पुसून कार्ड माझ्या हातात दिलं. त्यावर दुसरा शिक्का होता. शाई अजून ओली होती.

घरी जाऊन मी अंथरुणावर पडले आणि आजारी असल्याचं सोंग केलं. शेजारच्या सुंदराबाई पेज घेऊन आल्या. "घे गो, पोटाक कायतरी व्हया." मी मुद्दाम दोनच घोट घेतले, आणि त्या गेल्यावर वाडगा चाटूनपुसून खाल्ला. एवढी भूक मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

मग हेच चालू झालं. चौथ्या बुधवारी वाऱ्याने तिचा पदर सरकला. डोक्यावर केसांची बोटभर चार झुलपं उरली होती. माझा अंबाडा मात्र हातात मावत नव्हता, गालही भरले होते. हे खूश होते. म्हणायचे, "औषधान गुण दिल्यान." मी मान खाली घालायची.

"तुझं नाव काय गं?" मी तिला एकदा विचारलं.

"बदलीला कसलं नाव? हजेरी तुझ्याच नावावर लागते."

पाचवंही तिनेच घेतलं. त्या दिवशी तिला उठवेना. मी हात दिला तर तो थंडगार होता. घरापर्यंत मला रडू आवरलं नाही. सहावं आपण घ्यायचं, मग मेलो तरी चालेल, असं मी ठरवलं.

बुधवारी बाकाकडे न बघता मी सरळ आत गेले. कार्ड पुढे केलं. नर्सने ते उलटसुलट पाहिलं.

"हे तुमच्याकडे कसं आलं? बकुळाबाई तर आत आहेत."

मी पडदा बाजूला केला.

ती खाटेवर होती. हे तिच्याजवळ बसले होते. तिच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवत होते. ऑपरेशननंतर मला त्यांनी असा हात लावला नव्हता. मीच लावू दिला नव्हता.

त्यांनी वर पाहिलं.

"कोण व्हया तुमका, बाई?"

मी घरी आले. जिन्यात सुंदराबाई भेटल्या. हातातलं पेजेचं पातेलं त्यांनी पदराने झाकलं आणि विचारलं, "कोणाकडे?"

मी परत बाकावर आले. दुसरं कुठे जाणार?

संयुक्त महाराष्ट्र झाला त्या दिवशी लोक गुलाल उधळत परळच्या रस्त्याने गेले. त्यांत हे होते. शेजारी ती होती, डोक्यावर नवे, दाट केस. मी मोडक्या फळीच्या बाजूला बसले होते.

गेल्या बुधवारी गिरगावातली एक शिक्षिका बाकावर येऊन बसली. सरोजिनी नाव. कार्ड मुठीत चुरगळलेलं, रिकाम्या उजव्या छातीवर पदर घट्ट ओढलेला.

"मला फार भीती वाटते हो," ती म्हणाली. "आणि या भीतीची लाज वाटते."

मला सगळं सांगायचं होतं. ऊठ, आत जा, खाडा करू नकोस. तोंडातून निघालं ते दुसरंच.

"कायम की बदली?"

"म्हणजे?"

"कार्ड द्या."

तिने लगेच दिलं.

आत नर्सने सरोजिनीचं नाव पुकारलं. "मी," मी म्हणाले. आणि पडद्याआड खाटेवर जाऊन बसले.

नर्सने टाके बघायला माझं पोलकं सोडलं. माझी डावी काढली होती.

टाके उजवीकडे होते.