पंधरावी तक्रार

पहिल्या भेटीत त्याला तिचे फक्त पाय दिसले. बाकीची ती विमानाच्या पोटाखाली पाठीवर झोपून एका हट्टी नटाशी भांडत होती.

"मिस्त्री, जरा बाहेर येता का?"

"मिस्त्री कामात आहे. काय हवंय?"

बाईचा आवाज ऐकून तो गडबडला. "तुम्ही... म्हणजे मला वाटलं की..."

"काय वाटलं?" ती सरपटत बाहेर आली. गालावर ऑइलचा पट्टा, हातात पाना, कपाळावर ही मोठी आठी.

"काही नाही. मी नवीन पायलट."

"मग तक्रार असेल तर वहीत लिहा, पायलटसाहेब. तोंडी तक्रारी इथे ऐकत नाहीत."

त्या छोट्या विमानतळावर मोजून सहा खासगी विमानं होती आणि प्रत्येकाची एक वही. उतरल्यावर पायलटने खटकलेली गोष्ट त्यात लिहायची, मिस्त्रीने बघायची, दुरुस्त करायची, शेजारी लिहून सही करायची. ती सही असल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. तिचे बाबाही याच धंद्यातले. आधी हात लाव, मग सही कर, हे त्यांनी तिच्या डोक्यात इतक्या वेळा घातलं होतं की ते तिला झोपेतही ऐकू यायचं.

दुसऱ्याच दिवशी वहीत ओळ आली – 'उजवं दार वाजतं.' तिने दोन तास दाराची पूजा बांधली. दार गप्प. तिने लिहिलं – 'दार वाजत नाही. बसणाऱ्याचे दात वाजत असावेत.' खाली सही.

संध्याकाळी तो कॉफीचे दोन कप घेऊन हँगरच्या, म्हणजे विमानांच्या शेडच्या, दारात उभा. "काय निघालं, मिस्त्रीबाई?"

"काही नाही."

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं."

"मग उद्या पुन्हा बघा... माझी काही घाई नाही," असं म्हणत त्याने कप पुढे केला. तिला हसू आलं आणि ते लपवायला तिने कपात तोंड घातलं.

मग सीट कुरकुरायला लागली. घड्याळ मागे पडायला लागलं. काचेवर म्हणे एक डाग होता, जो फक्त त्यालाच दिसायचा. सहाव्या तक्रारीपर्यंत तिच्या लक्षात आलं की पठ्ठ्या धादांत खोटं लिहितोय. खरं तर तिथल्या तिथे कान धरायला हवा होता. पण सकाळी आल्या आल्या ती वही उघडायची तिला चटकच लागली होती, त्याला काय करणार? "डब्याच्या पिशवीत आरसा कशाला लागतो गं?" असं घरी वहिनीने विचारलं, तेव्हा तिने घाईघाईने डबा आरशावर ठेवला.

आणि हळूहळू ती विमान तपासून बघेनाशी झाली. वाचायचं, गालात हसायचं, झकास उत्तर लिहायचं आणि सही ठोकायची.

त्या दिवशी सकाळी पंधरावी तक्रार होती – 'थ्रॉटलची मूठ जरा सैल वाटते.' थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची मूठ. मूठ पायलटच्या हाताशी, आणि तिथून एक केबल थेट इंजिनापर्यंत जाते. तिने वाचलं, पेनचं टोक चावलं आणि लिहिलं – 'मूठ घट्ट आहे. हात सैल असतील.' सही केली. इंजिनाचं झाकण उघडलंसुद्धा नाही.

दुपारी वारा होता. दूरच्या गावाहून विमानाच्या मालकांना आणायला तो एकटाच निघाला. जाताना त्याने वही उघडून तिची ओळ वाचली, हसला, आणि तिच्याकडे बघून आपले दोन्ही हात घट्ट मिटून दाखवले. तिने मान उडवली. विमान सुटलं, धावलं, उचललं.

ती पाना पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला. थोडं वर गेलं की प्रत्येक पायलट इंजिनाचा जोर कमी करतो. तो बदल कानाला कळतो. आता कळायला हवा होता. आत्ता... आत्ता... इंजिन तसंच ओरडत राहिलं.

ती पाना टाकून रेडिओच्या खोलीकडे पळाली. रेडिओकाका कानाला यंत्र लावून बसले होते. गेली तीस वर्षं ते त्याच खुर्चीत बसत आणि सहसा चष्म्यावरून वर बघतही नसत. आज ते उभे होते.

"थ्रॉटल मागे ओढतोय, पण इंजिन ऐकत नाहीये," स्पीकरमधून त्याचा आवाज आला. "पूर्ण जोरात चाललंय. मी तुमच्या डोक्यावर घिरट्या घालतोय. ऑइलचा काटा तापायला लागलाय."

काकांनी माइक तिच्या हातात दिला. "मिस्त्री इथेच आहे, बोल."

"मिस्त्रीबाई..." त्याचा आवाज शांत होता. मुद्दाम शांत ठेवलेला, हे तिला कळलं. "एकच सांगा. आज सकाळी ती केबल तुम्ही बघितली होती ना? बघितली असेल तर ती जागेवर आहे, मूठ कुठेतरी अडकलीय. मी ओढत-ढकलत राहतो, सुटेल. नसेल बघितली तर... ती निसटलीय. मग मला वरच इंजिन बंद करून खाली यावं लागेल."

रेडिओवरचा शब्दन् शब्द टेपवर उतरत होता. वहीत सही होती. 'बघितली' म्हणाली असती तर कोणाला शंका आली नसती. नोकरी वाचली असती, बाबांचं नाव वाचलं असतं. आणि तो तापत्या इंजिनाबरोबर मूठ ओढत बसला असता, तिच्या शब्दावर विश्वास ठेवून.

तिने माइकचं बटण दाबलं. "नाही बघितली. मी न बघता सही केली. मला वाटलं, नेहमीसारखंच... चूक माझी आहे. केबल निसटलीय असंच धरून चाला."

डोक्यावरून विमान पुन्हा एकदा ओरडत गेलं.

"बरं," तो म्हणाला. "मग माझंही ऐका. आधीच्या चौदा तक्रारी खोट्या होत्या. तुम्ही शेजारी काय लिहिता ते वाचायला मिळावं, म्हणून लिहीत होतो. आणि तुम्ही दिसाव्यात म्हणून."

काकांनी चष्मा पुसला. "दोघांचं झालं असेल तर विमान उतरवायचं का?"

तिने डोळे पुसले आणि माइक घट्ट धरला. आता ती फक्त मिस्त्री होती. "उंची घ्या. धावपट्टीच्या या टोकावर आलात की लाल मूठ ओढा, म्हणजे पेट्रोल तुटेल. पूर्ण ओढा, अर्धवट नको, नाहीतर इंजिन आचके देईल. बंद झालं की ते पुन्हा लागेल असं धरू नका."

"म्हणजे एकच संधी."

"एकच. नाक खाली ठेवा, वेग सोडू नका."

"मिस्त्रीबाई, मी जर..."

"आधी खाली ये," ती म्हणाली. "मग बोल काय बोलायचं ते."

ती बाहेर धावली. आभाळात इंजिन ओरडत होतं आणि एकदम थांबलं. इतका वेळ नकोसा झालेला तो आवाज परत यावा असं तिला वाटलं. विमान गुपचूप वळलं. वारा त्याला बाजूला ढकलत होता. ते खाली येत होतं, फार लवकर येत होतं, कुंपणाची तार समोर होती... चाकं तारेवरून हातभर अंतराने सुटली, जमिनीवर आपटली, उडाली, पुन्हा टेकली. विमान पट्टी सोडून गवतात घुसलं आणि तिरकं उभं राहिलं.

ती पोचली तेव्हा तो पंखाला टेकून उभा होता. तिने सरळ झाकण उघडलं. केबलच्या टोकाचा नट पडला होता आणि टोक मोकळं लोंबत होतं. सकाळी बोट लावलं असतं तरी कळलं असतं.

तिने विमानातून वही काढली. तिथेच गवतात बसून पंधराव्या ओळीखाली लिहिलं – 'न तपासता सही केली. चूक मिस्त्रीची.' ही वही आता चौकशीला जाणार, सहीचा हक्क निदान सहा महिने जाणार, हे तिला माहीत होतं.

"तुम्ही मला ओरडत का नाही?" तिने विचारलं.

"मघाशी 'ये' म्हणालीस. आता पुन्हा 'तुम्ही'?" तो तिच्याशेजारी बसला. तिच्या हातातलं पेन घेतलं आणि तिच्या ओळीखाली लिहिलं – 'आधीच्या चौदा तक्रारी खोट्या. चूक पायलटची.' मग आणखी एक ओळ. अक्षर वेडंवाकडं येत होतं – 'सोळावी तक्रार. हात थरथरतात. थांबत नाहीत.'

वही त्याने तिच्यापुढे सरकवली. तिने पेन घेतलं, पण लिहिलं नाही. पेन गवतात ठेवलं आणि त्याचे दोन्ही हात आपल्या काळ्या, तेलकट हातांत घेतले. खरंच थरथरत होते. तिचेही थरथरत होते. लांबून काका येताना दिसत होते, पण तिने हात सोडले नाहीत. बराच वेळ धरून बसली.

मग तिने सोळाव्या ओळीशेजारी लिहिलं – 'तपासलं. तक्रार खरी आहे. दुरुस्तीला वेळ लागेल.'

आणि खाली सही केली.