काळ्या दोऱ्याची गाठ

मुलीला पलीकडच्या शाळेत का पाठवत नाही, हे तुम्ही पुन्हा विचारलंत, बाई. शिकवणं तुमचं काम, तुम्ही विचारणारच. माझ्या डोक्याचा एखादा स्क्रू सैल आहे, हेही गावाने तुमच्या कानावर घातलं असेल. घालू देत. दिव्याची वात जरा वर करते आणि सांगते.

तुम्ही पाहता ती आत्ताची नदी. माझ्या लहानपणी ती एवढी रुंद नव्हती. आज मधोमध जिथे पाणी गरगरतं, तिथे आमची खालची आळी होती आणि आळीच्या टोकाला धुण्याचे दगड. माझी आई साऱ्या गावाचे कपडे धुवायची. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराचा दोरा ठरलेला. काठाला आतल्या बाजूने त्याची बारीकशी गाठ. डॉक्टरांचा हिरवा, दुकानदाराचा पिवळा आणि आमच्या स्वतःच्या कपड्यांना काळा. काळी गाठ म्हणजे घरचं, ते कुणाला द्यायचं नाही. एकदा माझ्या हातून काळ्या गाठीचा परकर दुकानदाराच्या गठ्ठ्यात गेला, तर आईने भर आळीत माझी अशी खरडपट्टी काढली की आठवलं तरी कान गरम होतात.

पूर आला त्या दुपारी आम्ही सगळे वर पळालो. आई अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. "लोकांचे कपडे राहिलेत गं," एवढंच म्हणाली. आळी गेली, दगड गेले, आई गेली. ती सापडली नाही. मला तिचा राग येतो, बाई. तेव्हाही आला, आजही येतो. लोकांच्या चादरी तिला माझ्यापेक्षा जवळच्या वाटल्या.

पुढे माझं लग्न झालं, लेक झाली. ती चार वर्षांची असताना एकदा तिचा ताप उतरेचना. नवरा कामासाठी बाहेरगावी. उजाडताच पोरीला उचललं आणि नावाडीकाकांचं दार वाजवलं. दवाखाना पलीकडे, आणि धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात.

"थांबली असतीस घटकाभर," काका म्हणाले. मग त्यांनी पोरीच्या कपाळाला हात लावला आणि वल्हं उचललं.

धुक्यात आमचे नावाडी कानांनी नाव चालवतात. पलीकडच्या घाटावर काकांचा भाऊ लोखंडाचा तुकडा टणटण वाजवत राहतो. पण इकडच्या काठावरून तो आवाज ऐकूच येत नाही. म्हणून आळी होती तेव्हा आधी कपडे धोपटण्याच्या आवाजाकडे जायचं, दगड आले की तिथून नावेचं नाक सरळ ठेवायचं, की समोर घाट. काकांची उभी हयात त्यात गेली होती.

थोडं अंतर गेलो आणि पोरीला उलटी झाली. तिचा पिवळा फ्रॉक पुढून सगळा भरला. माझे दोन्ही हात तिला धरण्यात गुंतलेले, पुसणार कशाने? तेवढ्यात ऐकू आलं.

धप्... धप्. मग जरा थांबून, धप्.

काकांनी सवयीने नाव तिकडे वळवली. मलाही बरं वाटलं, वाट सापडली म्हणून. दगडावर कापड आपटल्याचा आवाज मी लहानपणी रोज ऐकलेला. आईचा हात असाच चालायचा, दोन घाव आणि मग दम.

"काका..." मी म्हणाले, "तिकडे कोण धुतंय?"

त्यांचं वल्हं पाण्यात तसंच राहिलं. नाव मात्र जातच होती. धुण्याच्या सोड्याचा वास आला, ओल्या कापडांचा आला. नावेचा तळ दगडाला घासला. नदीच्या ऐन मधोमध, बाई, जिथे अख्खा बांबू बुडतो तिथे.

आवाज थांबला.

आणि माझी मांडी हलकी झाली. हात मी तसेच गोल धरले होते, पण त्यांत काही नव्हतं. धुकं इतकं की मला माझे हातही दिसत नव्हते. पायाने नावेचा तळ चाचपला, तिथेही ती नव्हती.

"आई..." शेवटी मी म्हणाले. "माझी आहे गं ती... दे."

जवळच कुणीतरी कापड पिळलं. पाणी नदीत पडल्याचा आवाज मी ऐकला. मग मांडीवर ओझं आलं, पोरीचंच, आणि नाव दगडावरून सुटली. लांबून लोखंड ऐकू येऊ लागलं. काका घाटापर्यंत माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. त्यानंतर त्यांनी धुक्यात कधी नाव काढली नाही, आणि विचारलं तर विषय बदलतात.

दवाखान्यातली नर्स माझ्यावर उखडली. "तापलेल्या पोरीला ओला फ्रॉक घालून आणलंत? अक्कल काय घरी ठेवून आलात?"

मी पाहिलं. फ्रॉकवर उलटीचा डागसुद्धा नव्हता. कापडाला पिळाच्या चुण्या पडलेल्या. ताप उतरला होता, पोरगी खायला मागत होती. मी रडले, हसले, आणि फ्रॉक बदलायला म्हणून काठ उलटा केला.

आतल्या बाजूला काळ्या दोऱ्याची गाठ होती.

फ्रॉक मी घरी येऊन चुलीत घातला. पोरगी तेव्हापासून ठणठणीत आहे, तुमच्या वर्गात पहिलीसुद्धा येईल. पण शाळेला जायचं तर रोज त्या पाण्यावरून जायचं, आणि एकदा मागून आणलेली पोर आई मला दुसऱ्यांदा देईल असं वाटत नाही. नाही म्हणते ते एवढ्यासाठी.

काल सकाळी पुन्हा धुकं होतं, तुम्ही पाहिलंतच. दाराला आतून कडी होती, पोरगी रात्रभर माझ्या कुशीत होती. उठल्यावर वेणी घालायला तिला पुढ्यात बसवलं आणि मानेवरचे केस वर घेतले. तिथे केसांत काळ्या दोऱ्याची गाठ होती. मी कात्रीने कापली.

दोरा ओला होता, बाई.