पाण्याची शेगडी

गोधडी पांघरूनही मेथी गारठून मेली! असं झालं तरी कसं?

केतकी काचघरात डोळे पुसत उभी होती. काल संध्याकाळी तिने वाफ्यावर आपली गोधडी पांघरली होती, कडा नीट खोचून, बाळाला निजवावं तशी. आज सकाळी उचलून बघते तर काय, कोवळी रोपं काळी पडून मातीला चिकटलेली.

केतकी राहायची ताराटेकडीवर. हिमालयापलीकडच्या उजाड पठारावर, एका भल्यामोठ्या दुर्बिणीभोवती वसलेली ही छोटीशी वसाहत. दिवसा उन्हाचा चटका आणि रात्री बादलीतल्या पाण्याचा दगड, असं तिथलं हवामान. भाजी मिळायची ती डब्यातली, वाळवलेली. केतकीने जन्मात कधी बाग केली नव्हती. तरी पठ्ठीने सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं, "ताजी मेथी मी पिकवीन!"

पहिली पेरणी उघड्यावर गेली, दुसरी गोधडीखाली. आता उरलं होतं मूठभर बी. आणि कोठार सांभाळणाऱ्या कुमुदताईंनी बजावलं होतं, "तिसऱ्या खेपेलाही जमलं नाही, तर काचघरात दुर्बिणीचे सुटे भाग ठेवणार. हौसेला मोल नसतं हे खरं, पण जागेला असतं हो!"

केतकीचे आबा, म्हणजे आईचे वडील, बर्फाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते. ते काचघरात आले. मागोमाग ठोंब्या आला, चाकं करकरवत. ठोंब्या म्हणजे वसाहतीचा यंत्रमानव. कामाला वाघ, पण विनोद कळायला उशीर, म्हणून हे नाव.

"आबा, गोधडीत मला तर घाम फुटतो. मग मेथीला थंडी कशी वाजली?"

"गोधडी स्वतः तापते का गं?" आबांनी विचारलं.

केतकीने गोधडी चाचपली. "नाही. गारच आहे."

"मग तुला ऊब देतं कोण?"

केतकी विचारात पडली. "म्हणजे... मीच?"

"शाब्बास! तुझं शरीर हीच शेगडी. गोधडी उष्णतारोधक (उष्णता सहजी आरपार जाऊ न देणारी) असते. ती ऊब तयार करत नाही, आहे ती अडवते. मेथीच्या पोटात कुठली शेगडी? मातीत होती तेवढी ऊब थोडा वेळ पुरली, मग संपली."

"मग विजेची शेगडी ठेवू या."

"रात्रीची सगळी वीज दुर्बिणीला लागते," ठोंब्या म्हणाला. "परवानगी नाही."

आबा हसले. "पाण्याची शेगडी ठेवू."

"काहीतरीच काय आबा! पाणी तर गोठेल!"

"गोठू दे की. तेच तर हवंय."

आबांनी तिला स्वयंपाकघरात नेलं. पातेल्यात बर्फ आणि थोडं पाणी घेतलं, त्यात तापमापी (तापमान मोजायची नळी) धरली आणि पातेलं मंद आचेवर ठेवून ढवळायला लावलं. केतकी ढवळत राहिली. बर्फ वितळत होता, पण पारा शून्यावरच अडून बसला होता.

"आच तर चालू आहे! मग उष्णता जाते कुठे?"

"तूच सांग."

"बर्फ खातोय! वितळण्यासाठी."

"आणि त्याच पाण्याचा पुन्हा बर्फ होताना?"

केतकीचा हात थांबला. "खाल्लेली सगळी उष्णता... ओकावी लागेल!"

"बरोब्बर!" आबांनी मांडीवर थाप मारली. "हिलाच अप्रकट उष्मा (बर्फ वितळताना आत शिरणारी, पाणी गोठताना बाहेर पडणारी, पण तापमापीला न दिसणारी उष्णता) म्हणतात. सगळं पाणी गोठेपर्यंत ते शून्याच्या खाली उतरत नाही. आणि शून्याजवळची थंडी मेथी सोसते."

पुढचं मात्र केतकीने स्वतः ठरवलं. बी पेरलं. वाफ्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली पिंपं मांडली. ती दिवसभर उन्हात तापली. संध्याकाळी तिने गोधडी नुसत्या रोपांवर न घालता पिंपांसकट सगळ्यावर तंबूसारखी ताणली. शेगडी आत, गोधडी बाहेर! रोज हाच क्रम. मेथी उगवली, चांगली बोटभर झाली.

मग एका सकाळी, हिवाळ्यातल्या सगळ्यात कडक रात्रीनंतर, ठोंब्या धावत आला. "केतकीताई, वाईट बातमी. पिंपांत बर्फ झाला आहे."

केतकी तशीच काचघराकडे पळाली. पिंपांवर बर्फाचा जाड थर होता. तिने तो काठीने फोडला. खाली पाणी डुचमळलं! आणि वाफ्यात मेथी हिरवीगार, ताठ मानेने उभी.

"ठोंब्या, अरे ठोंब्या! ही वाईट नाही, चांगली बातमी आहे! पाणी गोठलं म्हणून तर मेथी वाचली!"

"नोंद बदलतो," ठोंब्या म्हणाला.

काही दिवसांनी ताराटेकडीवर ताज्या मेथीची भाजी झाली. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन घास आले, पण काय ते घास! "ही भाजी मी पिकवली आहे," केतकी प्रत्येक पानाशी थांबून सांगत होती, आणि आबा मिशीतल्या मिशीत हसत तिसऱ्यांदा तेच ऐकत होते.

कुमुदताईंनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि तडक उठून गेल्या. केतकीचा चेहरा उतरला. काचघर जाणार की काय?

थोड्या वेळाने त्या परत आल्या. त्यांच्या हातावर घडी होती, जुन्या साड्यांच्या जाड गोधडीची.

"घे," त्या म्हणाल्या. "दुसरा वाफा करशील, तर तुझी एकटीची कशी पुरेल? आणि हे बघ, टोमॅटो जमतील का गं?"